कुंकवाचा डॉलर

गोकुळदासशेठनी तर्जनी जिभेला लावली, चांगली ओली केली आणि अल्बमचं पान उलटलं. जानकीनं तोंड फिरवलं.

बरं, एकदा करून थांबतील तर शप्पथ! दर पानाला तेच. जीभ बाहेर, बोट जिभेवर, बोट पानावर. जीभ विड्यानं लालभडक, त्यामुळे प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला गुलाबी अर्धचंद्र उमटत चालला होता. समोर बाकड्यावर बसलेल्या बाबांना तो दिसत नव्हता, एवढंच काय ते बरं. पण तो 'च्यप्' आवाज? तो ऐकू येत असणारच. बाबांचे कान पहिल्यापासून तिखट होते आणि डोळे जायला लागल्यापासून तर भिंतीपलीकडची मांजरही त्यांना ऐकू यायची.

"कलेक्शन बरं आहे हां, पात्रांव," शेठ म्हणाले. "म्हणजे तसं साधंच. पण बरं."

पात्रांव म्हणे! फोंड्याहून मारुती व्हॅन उडवत आलेला माणूस, इब्रामपुरात येऊन, सुर्ल्याच्या खाणीवर सत्तावीस वर्षं ट्रक मोजणाऱ्या माणसाला 'मालक' म्हणतोय. वर बाबांनी मघाशी अदबीनं पुढे केलेला चिमटा त्यानं घेतला होता, नोटा धरायला नव्हे, दाढेतली सुपारी काढायला. काढली, चिमट्याच्या टोकावर धरून निरखली आणि झटकली. ती जाऊन पडली आईनं सकाळी शेणानं सारवलेल्या अंगणात.

जानकीला ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडणार कोणत्या तोंडानं? या माणसाला आवतण तिनंच धाडलं होतं.

तिचे बाबा, जयराम, म्हणजे सगळं आयुष्य लाल धुळीत गेलेला माणूस. खाणीवरून भरलेला ट्रक सुटला की वहीत एक उभी रेघ मारायची, झालं काम. आठवडाभर सुर्ल्यालाच खोलीवर राहायचं, शनिवारी शेवटच्या बसनं घरी. कानाच्या पाळ्यांतसुद्धा धूळ असायची. आंघोळ व्हायची, जेवण व्हायचं, मग बाबा पुन्हा हात धुवायचे, साबण लावून कोपरापर्यंत, एखादा डॉक्टर ऑपरेशनला निघाल्यासारखे. हात पुसून, वाऱ्यावर वाळवून झाले की माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली यायचा.

डब्यात अमेरिका होती. जुनी, कागदाची.

गोष्ट तशी गमतीची आहे. पोर्तुगीज गेले तेव्हा गोव्यातल्या घराघरांत त्यांच्या नोटा उरल्या होत्या. ज्यांनी मुदतीत बदलून घेतल्या त्यांचं भागलं. ज्यांच्या मडक्यात, उशीत, देवाच्या तसबिरीमागे राहून गेल्या त्यांच्या पोरांनी त्यांवर दुकान-दुकान खेळून घेतलं. जयराम त्या गोळा करत फिरले. लोक हसले. मग कुठल्याशा बोटीवरच्या खलाशानं त्यांना एक पत्ता दिला: अमेरिकेतल्या ओहायोत वॉल्टर म्हणून एक म्हातारा आहे, तो असल्या नोटा जमवतो. बाबांनी डिक्शनरी मांडीवर घेऊन तीन रात्री पत्र लिहिलं. वॉल्टरनं उत्तर दिलं आणि सोबत कार्डात घालून एक जुना डॉलर धाडला. इकडून पोर्तुगीज रुपिया, तिकडून डॉलर. असं पंधरा वर्षं चाललं. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही.

आणि काय नोटा होत्या त्या! गरुडवाली, रेड इंडियन सरदाराची, रानरेड्याची, यादवी युद्धाच्या वेळची दहा सेंटांची, बसच्या तिकिटाएवढी. जुन्या मोठ्या नोटा आजच्या डॉलरपेक्षा कितीतरी ऐसपैस. अमेरिकेत त्यांना लाडानं 'घोड्याची झूल' म्हणतात, असं वॉल्टरनं कळवलं होतं. त्याच्या सल्ल्यावरून बाबांनी बटर पेपरचे खिसे शिवून अल्बम केला. जानकीला त्यांनी नोट पारखायला शिकवलं. कुठल्या नोटेचं काय मोल ते सांगणारं पुस्तक वॉल्टरनं धाडलं होतं, पण बाबा म्हणायचे, पुस्तक मागाहून, पयली नोट बघ.

"कानाकडे धर. कुरकुरता काय? मगे ती जिती. आता उजेडाक धर. तांबडे, निळे रेशमाचे धागे दिसतत? कोण कोण लबाड नोट धुतत, इस्त्री मारतत, नवी म्हणान इकतत. धुतली काय नोट मेली गो बाय. मेलेल्याक साबण लावन काय उपेग?"

मग यंदा पणजीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले. बाबांना आता बांबूच्या नळीतून पाहिल्यासारखं तेवढंच दिसायचं. नोट समोर धरली तर एकदा गरुडाचं डोकं, एकदा पंजा. पुरा गरुड कधीच नाही. चतुर्थीच्या दिवसांत त्यांनी एकदा डबा उघडला, बराच वेळ मांडीवर ठेवला आणि तसाच मिटला.

"बघतल्याच्या हातात जावक होयी ही," ते म्हणाले. "मोल काय येयत ता येवंदे. पण बघतलो होयो."

बस्स! जानकीच्या अंगात वारं भरायला एवढं पुरलं. तिला नुकतंच तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं, विषय 'घटकराज्य गोवा आणि आपण'. ढाल भिंतीवर लटकत होती आणि दहावीतली ही मुलगी वाण्याकडे खोबरेल मागतानासुद्धा 'अध्यक्ष महाशय' म्हणेल की काय अशी परिस्थिती होती. पेपरात जाहिरात दिसली: जुनी नाणी, जुन्या नोटा, योग्य मोल, जाणकार पारख. तिनं चार पानी पत्र ठोकून दिलं. शेठचं उत्तर आलं: लक्ष्मीपूजनाच्या दिवशी येतो, शुभ दिवस.

तर तो शुभ दिवस हा असा उजाडला होता. आदल्या पहाटे जाळलेल्या नरकासुराच्या पुतळ्याचे काळे अवशेष रस्त्यात, अंगणात सुपारी, आणि पडवीत ओलं बोट.

"तुमच्या मुलीनं काय झकास लिहिलंय हो!" शेठनी खिशातून तिचंच पत्र काढलं. "'माझ्या पित्याने रक्ताचे पाणी करून जपलेला हा अमूल्य ठेवा...' अमूल्य! अगो बाय, अमूल्य म्हणजे ज्याला मोल नाही ते. मग मी कशाला आलो?" आणि ते पोट हलवत हसले.

खिडकीतून शेजारचा बाबलीही हसला. बोलावल्याशिवाय येणं आणि आल्यावर जाणं विसरणं हे त्याचं दोन्ही बाजूंनी चोख काम. "शेटानु, माज्याकडे पण एक डॉलर हा मरे! हरमलच्या हिप्पीन दिलेलो, केळ्यांच्या एका फणयेक. तेचे किती येतत?"

"त्याची परत केळी येतील," शेठ म्हणाले आणि पुन्हा जीभ बाहेर काढली.

जानकीला आता शेठची किळस येत होती, बाबलीची येत होती, आणि सगळ्यात जास्त त्या चार पानांची. 'रक्ताचे पाणी'! कुणी सांगितलं होतं?

पान उलटलं. शेठचं बोट हवेतच राहिलं.

त्या पानावर एकच नोट होती. १८९६ सालची, एक डॉलरची. पण डॉलरपेक्षा चित्रच म्हणा ना ते. एक बाई बसली आहे, पायघोळ वस्त्र, शेजारी एक मुलगा, समोर पोथीसारखं पुस्तक उघडं, आणि बाई हात लांब करून त्याला दाखवतेय नदी, नदीपलीकडचं शहर. वॉल्टरनं ती सगळ्यात शेवटी धाडली होती. सोबत चिठ्ठी होती: माझ्या घरात हिच्याकडे बघणारं कोणी उरलेलं नाही, तुझ्याकडे असूदे. त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही.

आणि बाईच्या कपाळावर कुंकू होतं. चांगलं मसुराएवढं, जाड, काळपट लाल.

जानकीला त्यात कधी काही वावगं दिसलंच नव्हतं. ती सहा वर्षांची होती तेव्हापासून दर लक्ष्मीपूजनाला ही नोट पाटावर असायची. बाबा ती आपल्या हातानं काढून ठेवायचे आणि आई तिला हळदकुंकू लावायची. कुणाच्या घरी लक्ष्मीचा फोटो असतो, आपल्या घरी ही.

शेठनी खिशातून भिंग काढलं. वाकले. नोट बटर पेपरच्या खिशातून उपसली, उन्हात धरली, पालथी केली, हुंगली. शप्पथ, हुंगली! कुत्रा भाकरी हुंगतो तशी.

"अरे देवा," ते म्हणाले. "हे कोण गाढवानं केलं?"

भिंग पुन्हा कुंकवावर आलं.

"पात्रांव, हा डॉलर जमवणारे लोक याच्यासाठी जीव टाकतात. बघा, घडी जेमतेम एक, कोपरे तसेच. आणि याच्या कपाळात तेल-कुंकू? मागच्या बाजूनं डाग फुटलाय! कोण हो तो शाणा?"

"माज्या हातसून झाला," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा शेठच्या दिशेला नव्हता, थोडा बाजूला होता, भिंतीकडे. "चुकान."

"चुकून? थरावर थर आहेत इथं! दहा वेळा चुकलात?"

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. शेवंती तिचं नाव. हातात ताट, ताटात चहाचे कप आणि फोव, म्हणजे गुळातले पोहे. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. चहावर साय धरली होती.

"तेंका कशाक इचारतास?" ती म्हणाली. "मियां केलंय ता."

तिनं ताट खाली ठेवलं, बाकड्यावर, शेठच्या कोपराजवळ. मग पदर सारखा करून सरळ उभी राहिली, रेशनच्या दुकानात नाव पुकारल्यावर राहते तशी.

"त्या वर्सा हेंची बस चुकली. तिनसांज झाली. पाटार लक्ष्मी म्हणान ठेवक घरात नोट नाय. मियां डबो काढलंय. ही बायल बघली, फुडे पोथी, हात असो केल्लो. माका वाटला, देवीच ती. खंयची का असाना."

शेठ हसले. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. "वैनी, तुमच्या एका बोटानं एक स्कूटर खाल्ली. कोरी स्कूटर आली असती हिच्यात! कळलं?"

बाबली खिडकीत 'च्च च्च' करत होता. जानकीला ते 'च्च च्च' त्या 'च्यप्'पेक्षा घाण वाटलं.

आणि तेव्हा, अगदी तेव्हा, तिला ती रात्र आठवली. सहा वर्षांची होती, पण आठवली. बाबा चालत आले होते, बस हुकल्यानं, पार मोपा गावापासून. दारात उभे राहून त्यांनी पाटाकडे पाहिलं होतं. कितीतरी वेळ. मग पाय धुऊन येऊन नमस्कार केला होता. आणि जेवले नव्हते. पोट बरं नाही म्हणाले होते. आईनं ओवा दिला होता.

नऊ वर्षं. दर वर्षी तीच नोट ते आपणहून काढून द्यायचे. एकाच जागी डाग पडूदे, म्हणून? की आईला दुसरी नोट शोधायला लागू नये, म्हणून? जानकीनं आईकडे पाहिलं. आईही तेच मोजत असावी. तिच्या डाव्या हातानं उजव्या हाताचं बोट मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं, जणू ते अजून कशाला तरी लागेल.

"जाऊदे, झालं ते झालं," शेठनी फोव तोंडात टाकले आणि चावता चावता बोलायला लागले. दाताला गूळ चिकटला होता. "मी काय करतो, सगळ्यांचं मिळून एक ठोक मोल करतो. सरदार, रेडा, गरुड, सगळं. साडेचार हजार. दिवाळीचं म्हणून पाच. आणि ही कुंकवाची... ही रद्दीच झाली, तिचं काही धरत नाही. वर टाका नुसती."

जानकी पुढे झाली.

"रद्दी आसा तर तुमका कित्याक होयी?"

"काय?"

"मोल नाय म्हणतास, आनी वर टाका म्हणतास. रद्दी आमच्याच घरात रवंदे मगे."

ढाल मिळवलेला आवाज होता तो, खणखणीत. शेठनी आवाज खाली आणला, गोड केला. बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तोच, ओल्या बोटाचा.

"पात्रांव, तुम्ही जाणकार. तुमच्यापासून काय लपवायचं? माझ्याकडे एक औषध आहे. त्यात बुडवली की कुंकू जातं. मग जरा कांजी, जरा इस्त्री. कडक होऊन निघते. मुंबईच्या गिऱ्हाइकाला काय कळतंय? तुम्हाला त्यातले वेगळे हजार देईन. पोरीच्या शिक्षणाला होतील."

हजार. जानकीला अकरावीला म्हापशाला जायचं होतं, हे त्यानं त्या चार पानांतूनच उचललं होतं. तेही तिनंच लिहिलं होतं. तिला वाटलं, आता बाबा हो म्हणतील. आणि हो म्हणाले तर त्याला कारण मी.

बाबांनी गुडघ्यावरचा हात उचलून बाजूला ठेवला. हळूच, दुसऱ्याची वस्तू ठेवतात तसा.

"धुतलास," ते म्हणाले.

"हो, म्हणजे माझ्या पद्धतीनं—"

"ह्याच्या आदी पण धुतलास? लोकांच्यो?"

"अहो, धंदा आहे."

"हां." बाबांनी हात पुढे केला. "ती माज्या हातात दी."

शेठनी नोट दिली. बाबांनी ती दोन्ही तळव्यांवर घेतली, बोटं न लावता. कानाशी नेली. काय ऐकलं कोण जाणे. मग बोलले, नेहमीच्याच आवाजात, ट्रक भरला, सोडा, असं सांगावं तसं.

"जाने, अल्बम मिट. शेटानु, चाय थंड झाली, तरी पिवन जावा. लक्ष्मीपूजनाच्या दिसा कोण सुक्या तोंडान जायना नाय आमच्याकडसून."

शेठ चहा न पिताच गेले. जाताना म्हणाले, "आंधळ्याच्या घरात चित्रं! बघणार कोण?" व्हॅन रस्त्यातल्या नरकासुराच्या जळक्या तारांवरून खडखडत गेली. बाबली खिडकीतून, "हातचा गिराईक घालवलास रे जयराम," म्हणाला आणि मग त्याला एकाएकी घरचं काम आठवलं.

बाकड्यावर पत्र राहिलं होतं. 'अमूल्य' या शब्दावर गुलाबी अर्धचंद्र. जानकीनं ते चिमट्यानं उचललं, हातानं धरवेना, आणि चुलीत घातलं. चिमटाही राखेनं तीनदा घासला.

दुपारभर घरात भांडी वाजत राहिली. आई विहिरीवर समया घासत होती, आधीच घासलेल्या. जानकी ओसरीत बसून बटर पेपरचे खिसे उसवत होती. शेठच्या बोटाचे डाग पुसून जात नव्हते. सतरा पानं. सतराच्या सतरा तिनं फाडली, नवे खिसे कापले, सुईत दोरा ओवला. बोटाला सुई टोचली तेव्हा तिनं आधी नोटा लांब सारल्या आणि मग 'आई गं' म्हटलं.

आई हात पुसत आली आणि बाबांसमोर उभी राहिली.

"नऊ वर्सां. तुमी माका सांगूक नाय."

"काय सांगाचा?"

"ती स्कूटर."

बाबा हसले. "माका खंय चलवक येता?"

"मस्करी नको. सांगूक होया होता. पयल्याच वर्सा. मियां दुसऱ्या वर्सा हात तरी लावक नसतंय."

"म्हणानच नाय सांगलंय," बाबा म्हणाले.

आई परत विहिरीवर गेली आणि घासलेल्या समया पुन्हा घासायला लागली.

तिन्हीसांजेला पाट मांडला. रांगोळी, विड्याची पानं, सुपाऱ्या, नारळ, घरात होत्या त्या दोन नोटा. बाबांनी डब्यातून ती काढली आणि चाचपत चाचपत मधोमध ठेवली. आईनं समई लावली, झेंडू वाहिले, हळद लावली: नारळाला, सुपाऱ्यांना, आणि नोटेच्या अगदी कडेला, पाटाला. मग कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं. बोट नोटेवर आलं आणि तिथंच थांबलं. आईनं बोट मागे घेतलं. पदराला पुसलं.

"झाला?" बाबांनी विचारलं.

"झाला."

"कुंकू?"

आईनं करंडा ताटात ठेवला.

बाबांनी उजवा हात पुढे केला. पाटाची कड लागली, कडेवरून ताट, ताटातून करंडा. अनामिका बुडवली. डाव्या हाताच्या बोटांनी नोटेची कड शोधली, जशी वर्षानुवर्षं दर शनिवारी शोधली तशी, फुंकर घातल्यासारखी हलकी. कोरडे, धुतलेले हात. त्यांनी मान वाकडी केली, त्या नळीतून काही दिसतंय का बघितलं, आणि बोट टेकवलं.

ते कपाळावर पडलं नाही. बाजूला पडलं, दोन बोटं लांब, बाई मुलाला जी नदी दाखवत होती त्या नदीत. आजवर कोरी राहिलेल्या जागेवर, ओलं, टपोरं.

"बरोबर पडला मा गो?" बाबांनी विचारलं.

आईनं जानकीकडे पाहिलं. जानकीच्या डोक्यात वॉल्टरचं पुस्तक, स्कूटर, ढाल, सगळं एकदम येऊन गेलं.

"बरोबर, बाबा," ती म्हणाली. "कपाळारच."

बाबांनी हात जोडले.

आईनं ताटातले चार तांदूळ घेतले, आणि ते नदीवर ठेवले.